विरामचिन्हे आणि वाचनाचा सूर

आम्ही पाचव्या इयत्तेत शिकत होतो त्या वेळची ही गोष्ट आहे. आमच्या घराशेजारी एक वृद्ध विधवा बाई राहत असे. आम्ही सर्व मुले तिला आजी म्हणत असू. तिचा एकुलता एक मुलगा मुंबईस गोदीत कामाला होता. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचे निळे आंतरदेशीय पत्र येई. आजीस अक्षरओळख नव्हती, म्हणून ते वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे असे, व ह्या कामाचा आम्हांस मोठा अभिमान वाटे. नाताळास तीन आठवडे राहिले असता असेच एक पत्र आले. त्यात कामाची, खोलीची व प्रकृतीची हकीकत झाल्यावर अखेरीस एक ओळ होती. ती येणेप्रमाणे :

मी नाताळास येणार नाही जमले तर पैसे पाठवीन

ओळीत एकही विरामचिन्ह नव्हते. आम्ही मोठ्या आवाजात वाचू लागलो आणि ‘नाही’ ह्या शब्दावर थांबलो. आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “बाळा, पुन्हा एकदा वाच बरे.” आम्ही पुन्हा वाचले, आणि तिला नीट ऐकू जावे म्हणून त्याच ठिकाणी पहिल्यापेक्षा अधिक ठासून थांबलो. तिने पत्र हाती घेतले, त्याची घडी केली व फळीवरच्या डब्याखाली ठेवून दिले. त्या वर्षी तिने भिंती सारवल्या नाहीत. करंज्यांसाठी आणून ठेवलेला रवा शेजारी देऊन टाकला. नाताळच्या आदल्या रात्री मुलगा दारात येऊन उभा राहिला, तेव्हा घरात दिवा नव्हता, चूल थंड होती, आणि आई भिंतीकडे तोंड करून निजली होती.

“आई, मी येणार म्हणून लिहिले होते ना?” असे तो म्हणाला. डब्याखालचे पत्र काढण्यात आले. त्याने ते वाचले. ओळ तीच, शब्द तेच. परंतु तो ‘येणार’ ह्या शब्दावर थांबला :

मी नाताळास येणार. नाही जमले, तर पैसे पाठवीन.

आम्ही वाचले होते ते असे :

मी नाताळास येणार नाही; जमले तर पैसे पाठवीन.

वाचकहो, शब्द आठच आहेत. त्यांतला एकही बदलला नाही, एकही जागचा हलला नाही. तरी एका वाचनात आईकडे धाव घेणारा मुलगा आहे, आणि दुसऱ्या वाचनात आईस विसरत चाललेला मुलगा आहे. पहिल्या ओळीत पैसे हे न येण्याची भरपाई म्हणून आहेत. दुसरीत तेही जमले तर. पहिल्या ओळीत ऊब आहे, दुसरीत थंडी आहे. ही ऊब आणि ही थंडी कोणत्याही शब्दात नव्हती. ती शब्दांच्या मध्ये, आमच्या थांबण्यात होती. ज्या खुणेने ती कागदावर राहिली असती, ती खूण लिहिणाऱ्याने दिली नाही, आणि आम्ही आपल्या मनाची खूण तेथे घातली. तीन आठवडे एका आईने त्याचे दुःख सोसले.

विरामचिन्हे म्हणजे व्याकरणाच्या तासाला पाठ करावयाची व परीक्षेनंतर विसरावयाची यादी होय, असा पुष्कळांचा समज आहे. प्रस्तुत पाठात आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, विरामचिन्ह हा लेखकाचा कागदावर राहिलेला सूर आहे. लेखक काय म्हणतो हे बहुधा शब्द सांगतात. तो कोणत्या मनाने म्हणतो हे चिन्हे सांगतात. जो वाचक चिन्हे ओलांडून जातो, त्याला शब्द मिळतात, माणूस मिळत नाही.

१. चिन्हे नव्हती तेव्हा

आज आपण जी चिन्हे वापरतो ती मराठीत फार जुनी नाहीत. संस्कृत ग्रंथांत मुख्यतः दंड असे : अर्ध्या श्लोकाच्या शेवटी एक उभी रेघ, व श्लोक पुरा झाल्यावर दोन. मराठेशाहीचा व पेशवाईचा पत्रव्यवहार ज्या मोडी लिपीत चाले, तिच्यात लेखक आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई व मग लेखणी शक्य तितकी न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्द शब्दापासून तोडून लिहिण्याचीही चाल तीत नव्हती. मग शब्दांमध्ये चिन्हे कोठून असणार? शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस जी लहान मुद्रा उमटवीत, तिच्यावरील शब्दांचा आशय ‘येथे मर्यादा आहे’ असा आहे. मजकूर येथे संपला, ह्यापुढे कोणी काही जोडू नये, हे तिचे सांगणे होते. सबंध पत्राचा पूर्णविराम म्हणावा तो हाच.

तर मग त्या काळच्या लिखाणात भाव नव्हता काय? होता, आणि पुष्कळ होता. मात्र तो वाहून नेण्याची सोय निराळी होती. ओवीत पहिल्या तीन चरणांच्या अखेरीस यमक येते व चौथा चरण आखूड असतो. म्हणून कोठे थांबावे व कोठे विसावा घ्यावा हे कानच सांगत असे. गद्यात हे काम लहान लहान शब्द करीत. ‘का’, ‘ना’, ‘की’, ‘हो’, ‘बरे’, ‘अहो’, ‘अगे’, ‘म्हणे’ हे शब्द मराठीची घरची विरामचिन्हेच आहेत. “येतोस ना?” ह्यातील ‘ना’ मध्ये आर्जव आहे; “येतोस की नाही?” ह्यात धाक आहे, “ये बरे!” ह्यात लाड आहे, “तो येणार आहे म्हणे” ह्यात अविश्वास आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी जे लीळाचरित्र सिद्ध केले, त्यातील वाक्ये इतकी लहान व बोलीला इतकी धरून आहेत की, आजच्या चिन्हांवाचूनही त्यांतील प्रश्न, उत्तर, राग व हसू ओळखू येते. शिवाय त्या काळी ग्रंथ बहुधा एक जण वाची व अनेक जण ऐकत. वाचणारा तो ग्रंथ आधी गुरुमुखाने ऐकलेला असे. चिन्हे कागदावर नव्हती, ती त्याच्या कंठात होती.

इतर देशांतही असेच होते. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत अक्षरामागून अक्षर सलग लिहीत, मध्ये जागा सोडीत नसत. इसवी सनापूर्वी सुमारे २०० ह्या काळात आलेक्झांड्रिया येथील ग्रंथालयाचा अधिकारी अरिस्तोफानेस ह्याने ओळीत तीन निरनिराळ्या उंचीवर ठिपके देण्याची पद्धत घातली. ठिपका कोणत्या उंचीवर आहे ह्यावरून लहान, मध्यम किंवा मोठा विराम घ्यावयाचा, हे मोठ्याने वाचणाऱ्यास कळे. विरामचिन्हांचा एक मूळ हेतू व्याकरण नसून श्वास हा होता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिस शहरातील मुद्रक आल्दो मनूत्सियो ह्याच्या छापखान्यातून आजचा अर्धविराम प्रचारात आला.

मराठीत ही नवी चिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी ह्यांस देतात. मोल्सवर्थ ह्यांच्या कोशकार्यातील हे सहकारी. मोल्सवर्थ व कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ह्या नावाची कँडी ह्यांची छोटी पुस्तिका १८५० च्या सुमाराची आहे. तेव्हापासून शाळेच्या पुस्तकांतून व छापखान्यांतून ही चिन्हे आपल्या भाषेत स्थिरावली. चिन्हे परकी असली तरी त्यांचा उपयोग मराठी लेखकांनी आपल्या भाषेच्या ढंगाने केला, हे आता पाहू.

२. एकेका चिन्हाचा भाव

पूर्णविराम. कोणी एक मुलगा घर सोडून गेला होता, तो पुष्कळ दिवसांनी परत आला, आणि बाप त्यास दारात म्हणाला : “तू आलास.” दुसरा बाप म्हणाला : “तू आलास?” तिसरा म्हणाला : “तू आलास!” चौथा म्हणाला : “तू… आलास?” हे चार बाप निरनिराळे आहेत. पहिल्याने सर्व आशा व सर्व राग आवरून धरला आहे; तो पुढे काय करील हे सांगवत नाही. दुसऱ्याच्या मनात हिशेब आहे. तिसऱ्याने हात पसरले आहेत. चौथ्याचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. लेखकाने ‘रागाने’, ‘आनंदाने’, ‘आश्चर्याने’ असे काहीच लिहिले नाही. एका खुणेने त्याचे काम झाले.

पूर्णविराम आणि स्वल्पविराम ह्यांच्या योजनेने प्रसंगाची चाल बदलते. पुढील दोन वाक्यरचना मोठ्याने वाचून पाहा :

तो उठला, दार उघडले, बाहेर पाहिले, आणि परत येऊन बसला.

तो उठला. दार उघडले. बाहेर पाहिले. परत येऊन बसला.

पहिल्या रचनेतील माणूस सहज उठला आहे; वारा कसा आहे ते पाहून आला असेल. दुसऱ्या रचनेतील माणूस कोणाची तरी वाट पाहत आहे, आणि ते माणूस आलेले नाही. प्रत्येक पूर्णविरामाशी वाचकाचा श्वास अडतो व मनात भय शिरते. ह्यावरून स्वल्पविराम जोडतो, वाहवत नेतो, आणि पूर्णविराम तोडतो, जड करतो, हे ध्यानात येईल.

मात्र तोडणे म्हणजे नेहमी दुःखच, असे नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांतील लहान लहान वाक्ये कोणीही चाळून पाहावी. मोठी हालअपेष्टा त्या दोन ओळींत सांगतात, पूर्णविराम देतात, आणि पुढचे वाक्य असे काही साधे व खट्याळ असते की, वाचक डोळे पुसता पुसता हसतो. दुःखाला त्यांनी पाल्हाळ लावला नाही. त्यामुळे त्यांच्या दुःखाची कोणास शंका येत नाही. योग्य जागी थांबणे हाही एक संयमच आहे.

अर्धविराम. हे चिन्ह आपल्या मंडळींत फार उपेक्षित आहे. “तो गरीब आहे, परंतु कोणापुढे हात पसरीत नाही.” ह्या वाक्यात ‘परंतु’ म्हणून लेखकाने निकाल देऊन टाकला : गरिबाने हात पसरावा हेच जणू स्वाभाविक होते. आता पाहा : “तो गरीब आहे; कोणापुढे हात पसरीत नाही.” येथे दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. त्यांचा संबंध काय, हे लेखक सांगत नाही. तो वाचकास विचार करावयास लावतो, आणि त्या गरीब माणसाचा मान राखतो. अर्धविराम म्हणजे दोन वाक्यांमधले अर्धे उघडे दार.

प्रश्नचिन्ह. प्रत्येक प्रश्नास उत्तर हवे असते असे नाही. हरि नारायण आपटे ह्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू नावाच्या एका मुलीची ती आत्मकथा आहे : तिचे बालपण, विवाह, वैधव्य, व त्यानंतर झालेला छळ. नावाच्या अखेरीस असलेल्या प्रश्नचिन्हाकडे पाहा. ते काढून पूर्णविराम दिला तर ते नाव म्हणजे एक कडवट निकाल होईल : कोणी लक्षात घेत नाही, विषय संपला. उद्गारचिन्ह दिले तर तो आक्रोश होईल. प्रश्नचिन्हामुळे तो बाण वाचकाकडे वळतो. कोण घेतो? तुम्ही घेता काय? सबंध कादंबरी वाचून झाल्यावरही ते चिन्ह आपल्यासमोर उभे राहते, व उत्तर दिल्यावाचून पुस्तक मिटवत नाही. ज्या काळी विधवेचे तोंड पाहणे अशुभ मानीत, त्या काळी एका विधवेने आपणांस प्रश्न विचारावा, हे त्या चिन्हाचे मोठे धैर्य होय.

उद्गारचिन्ह. हे चिन्ह मिठासारखे आहे. “अरेरे!” किंवा “शाबास!” ह्यांस ते हवेच. परंतु जो लेखक वाक्यावाक्यास उद्गारचिन्ह देतो, तो सदैव ओरडून बोलणाऱ्या माणसासारखा होतो; काही वेळाने त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. एकावर एक तीन तीन उद्गारचिन्हे दिल्याने भावना तिप्पट होत नाही. उलट, जेथे वाचकास उद्गाराची अपेक्षा असते तेथे साधा पूर्णविराम आला, तर तो अधिक खोल जातो. “त्याच दिवशी त्याचे लेकरू गेले.” ह्या वाक्यास उद्गारचिन्ह देणारा लेखक त्या बापाच्या दुःखापेक्षा आपलाच आवाज ऐकवीत आहे.

अवतरणचिन्ह. दुसऱ्याचे बोलणे दाखविण्यासाठी हे चिन्ह आहे. पण त्याचा टोचणारा उपयोगही होतो. “त्याने आम्हांस मदत केली” हे आभार झाले. “त्याने आम्हांस ‘मदत’ केली” हा टोमणा झाला. ‘मदत’ हा शब्द त्याचा आहे, आमचा नव्हे, असे ही दोन इवली चिन्हे सांगतात. वाचणाऱ्याने ती पाहिली नाहीत, तर निंदेची स्तुती होऊन बसेल.

लोपचिन्ह व अपसारणचिन्ह. जे बोलवत नाही ते ह्या चिन्हांनी दाखवितात. टेलिफोनवर कोणी बोलत असता आपण एकाच बाजूचे शब्द ऐकतो, हा अनुभव सर्वांस आहे. समजा, घरातील कोणी म्हणाले :

“हो… केव्हा?… बरे… आम्ही निघतो.”

ऐकणाऱ्या सर्वांच्या छातीत धस्स होते. आता तेच शब्द असे वाचा :

“हो! केव्हा? बरे, आम्ही निघतो!”

ही पेढे वाटण्याची बातमी आहे. पलीकडील माणसाचा एकही शब्द आपण ऐकला नाही; तरी पहिल्यात मरण आहे व दुसऱ्यात जन्म आहे हे आपण ओळखले. शंकर काशीनाथ गर्गे ह्यांनी ‘दिवाकर’ ह्या नावाने १९११ पासून ज्या नाट्यछटा लिहिल्या, त्यांचा सारा डोलारा ह्याच युक्तीवर उभा आहे. रॉबर्ट ब्राउनिंग ह्या इंग्रज कवीच्या एकमुखी कवितांवरून त्यांस ही कल्पना सुचली. नाट्यछटेत एकच पात्र बोलते. समोरच्याने काय म्हटले, तो हसला की रडला, हे बोलणाऱ्याच्या थांबण्यावरून, प्रश्नावरून व तुटलेल्या वाक्यावरून कळावयाचे असते. ह्या लेखनातील चिन्हे पुसून टाकली, तर समोरचे पात्रच नाहीसे होईल. चिन्हे न पाळता नाट्यछटा वाचणे म्हणजे दोघांच्या संभाषणातील एकास घराबाहेर घालविणे होय.

३. जेथे चिन्ह मागाहून आले

येथे वाचकांस एका गोष्टीची जाणीव दिली पाहिजे. नव्या ग्रंथातील चिन्हे लेखकाची असतात. पुरातन ग्रंथांतील चिन्हे बहुधा पुढील संपादकांची व भाषांतरकारांची असतात. पवित्र शास्त्राचे ग्रीक नवा करार ज्या प्राचीन हस्तलिखितांत आहे, त्यांत आजच्यासारखी चिन्हे नाहीत. वचनांचे आकडेसुद्धा रोबेर एस्तिएन ह्या मुद्रकाने १५५१ च्या आपल्या आवृत्तीत प्रथम घातले.

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाचे तिसरे वचन घ्या. ‘अरण्यात’ हा शब्द कोणाकडे जोडावयाचा? इब्री शास्त्र्यांनी वाचनाच्या ज्या सूरखुणा मध्ययुगात ठरविल्या, त्यांप्रमाणे तो शब्द वाटेकडे जातो : वाणी होत आहे, आणि तयार करावयाची वाट अरण्यातून आहे. शुभवर्तमानांत तेच वचन बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी येते, तेव्हा तो शब्द वाणीकडे जोडून वाचण्याचा परिपाठ आहे : वाणीच अरण्यात उठली आहे. पहिल्या वाचनात बंदिवासातून घरी परतणाऱ्या लोकांची गर्दी डोळ्यांपुढे येते, आणि ओसाड रानातून त्यांच्यासाठी निघालेला सरळ रस्ता दिसतो. दुसऱ्या वाचनात विस्तीर्ण निर्जन प्रदेश दिसतो, व त्यात एकटाच हाक मारणारा माणूस. पहिल्याचा भाव आशेचा, दुसऱ्याचा एकाकी धैर्याचा. शब्द तेच, विराम एका शब्दाने पुढे की मागे, एवढाच भेद.

ह्यावरून विश्वासाचा पाया डळमळतो असे कोणी समजू नये. आम्ही ह्यातून नम्रता शिकतो. विराम देणे म्हणजे अर्थ लावणे होय. पाचव्या इयत्तेतील मुलाने आजीच्या पत्रात अर्थ लावला, तो लावतो आहोत हे त्यास ठाऊकच नव्हते. वेदीजवळ उभे राहून वाचणाऱ्यास तरी ते ठाऊक असावे.

४. वाचणाऱ्यांस व लिहिणाऱ्यांस सूचना

आमच्या खेडेगावांतील मंडळ्यांत अजूनही पुष्कळ भाऊबहिणी डोळ्यांनी नव्हे तर कानांनी वाचतात. त्यांच्यासाठी वाचणारा हाच ग्रंथ असतो. म्हणून मोठ्याने वाचणाऱ्याने पुढील गोष्टी पाळाव्यात.

पहिली : सभेत वाचावयाचा उतारा घरी एकदा तरी मोठ्याने वाचून यावा, आणि प्रत्येक चिन्हाशी थांबून ‘हे येथे का आहे?’ असे स्वतःस विचारावे.

दुसरी : स्वल्पविरामाशी आवाज टांगता ठेवावा, पूर्णविरामाशी खाली उतरवावा. पुष्कळ वाचक प्रत्येक ओळीच्या अखेरीस आवाज पाडतात. छापलेली ओळ संपली म्हणजे वाक्य संपले असे नव्हे.

तिसरी : प्रश्न दिसला की आवाज उंच करावयाचा, असा आंधळा नियम करू नये. प्रश्न माहिती विचारणारा आहे, दटावणारा आहे की दुःखाचा आहे, हे आधी ओळखावे.

चौथी : जेथे लेखक थांबला आहे तेथे थांबण्याची लाज बाळगू नये. सभेतील दोन क्षणांची शांतता वाचणाऱ्यास फार लांब वाटते; ऐकणाऱ्यास ती पुरत नाही.

लिहिणाऱ्यांस एकच सूचना आहे. आता पत्रे थोडी झाली. मुलगा मुंबईहून किंवा आखाती देशांतून मोबाइलवर संदेश पाठवितो, आणि तो क्षणात पोहोचतो. परंतु ह्या संदेशांत घाईने चिन्हे गाळतात, किंवा त्यांच्या जागी हसरे-रडके चेहरे घालतात. चेहऱ्यांनी भाव कळतो, पण वाक्य कोठे तुटते ते कळत नाही. निळ्या पत्राची चूक सुधारावयास तीन आठवडे लागले. आजच्या संदेशाची चूक तीन क्षणांत भांडण लावते. म्हणून संदेश धाडण्यापूर्वी तो एकदा आईच्या कानांनी वाचावा.

५. अभ्यासासाठी

युवकसंघाने किंवा शाळेतील मुलांनी पुढील प्रश्न सोडवावेत.

(अ) “त्याला मारू नका सोडून द्या” हे वाक्य स्वल्पविरामाची जागा बदलून दोन प्रकारे लिहा व मोठ्याने वाचून दाखवा. कोणत्या वाचनात त्याचा जीव वाचतो?

(आ) “बरे आहे” हे दोन शब्द पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह व लोपचिन्ह देऊन चार वेळा लिहा. प्रत्येक वेळी ते कोण, कोणास व कोणत्या प्रसंगी म्हणत असेल ते सांगा.

(इ) आपल्या आवडीच्या पुस्तकातील एक पान घ्या, त्यातील सर्व चिन्हे गाळून ते उतरून काढा, आणि दुसऱ्याकडून त्यात चिन्हे घालून घ्या. मग मूळ पानाशी ताडून पाहा. जेथे भेद पडला, तेथे भाव कसा बदलला ह्याची चर्चा करा.

शेवटी पुन्हा त्या आजीकडे वळतो. मुलगा आल्यावर तिने त्या रात्रीच चूल पेटविली. रवा उरला नव्हता, म्हणून शेजारून मागून आणला. आम्ही ओशाळून दाराआड उभे होतो. तिने आम्हांस आत बोलाविले, डब्याखालचे पत्र आमच्या हाती दिले व म्हणाली, “आता नीट वाच.” आम्ही ती ओळ वाचली, आणि ह्या वेळी ‘येणार’ ह्या शब्दावर थांबलो. “हां,” ती म्हणाली, “असाच बोलतो माझा लेक.”

तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तरी विरामचिन्ह म्हणजे काय, हे त्या वाक्यात तिने जसे सांगितले तसे पुढे कोणत्याही गुरुजींनी आम्हांस सांगितले नाही. लिहिणारा जसा बोलतो तसा तो ऐकू यावा, ह्यासाठी ती चिन्हे आहेत.